जड स्टिअरिंगचे निदान: मुंबईच्या मोटारदुरुस्तीतला एक धागा

जुन्या पिकअपचे स्टिअरिंग जड झाले, गाडी एका बाजूला ओढू लागली किंवा वळवताना घुमल्यासारखा आवाज आला, तर दोष दोनपैकी एका भागात असतो. पहिला भाग यांत्रिक जोडांचा: टायर, किंगपिन किंवा बॉल जॉइंट, टाय रॉड, ड्रॉप आर्म, स्टिअरिंग बॉक्स आणि बॉक्सला हातातल्या चाकाशी जोडणारा दांडा. दुसरा भाग तेलाचा: टाकी, इंजिनावर फिरणारा पंप, दाबाचा पाइप, बॉक्समधला व्हॉल्व्ह आणि परतीचा पाइप. मुंबईतल्या मिस्त्र्यांनी पहिला भाग विसाव्या शतकाच्या आरंभापासून हाताळला. दुसरा त्यांच्या हाती सर्रास येऊ लागला तो १९८०च्या दशकानंतर. मधल्या काळात पडलेल्या सवयींपैकी काही पॉवर स्टिअरिंगचा दोष शोधायला फार उपयोगी पडल्या आणि काहींनी चांगले बॉक्स बिघडवले. या दोन्हींचा माग गिरगाव, ऑपेरा हाउस, परळ, लालबाग या पट्ट्यात सहज काढता येतो. सुट्या भागांचा बाजार, यंत्रकामाचे कारागीर आणि माल वाहणाऱ्या गाड्या या तिन्ही गोष्टी इथे हाकेच्या अंतरावर होत्या.

कारागीर मोटारीच्या आधीपासून होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा परळचा कारखाना आणि बीबीसीआय रेल्वेचा लोअर परळचा कारखाना १८७०च्या दशकात उभे राहिले. भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास त्याहून जुनी, १८५८ची. गिरण्यांच्या चाळीचाळींतून फिटर, टर्नर, लोहार राहत होते. दांड्यावर बुश बसवणे, तो किती घट्ट हवा हे बोटाने ओळखणे, झिजलेली पिन लेथवर चढवून पुन्हा गोल करणे हे काम या माणसांना नवे नव्हते. १८८७ साली सुरू झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ मध्ये माटुंग्याला आली, तिने या कौशल्याला कागदी शिक्षणाची जोड दिली. पण बहुतेकांचे शिक्षण कारखान्याच्या फरशीवर आणि पुढे गॅरेजच्या दारात झाले. किंगपिन ही शेवटी एक पिन आणि दोन बुश. गिरणीत साच्याचे आणि इंजिनाचे बुश बदलणाऱ्याला ती समजून घ्यायला आठवडा पुरे होता.

मुंबईत मोटार एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस आली. १९११ साली टॅक्सी आल्या, आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. मोटारवाल्यांची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ची. त्याच वर्षीची बॉम्बे सायकल अँड मोटर एजन्सी ऑपेरा हाउसजवळ सँडहर्स्ट ब्रिजला. दादाजी धाकजी ही मोटारींची पेढीही सँडहर्स्ट ब्रिजलाच, श्रीपंत भुवनात. न्यू क्वीन्स रोड, सँडहर्स्ट ब्रिज, लॅमिंग्टन रोड या तिकोनात सुट्या भागांची दुकाने दाटत गेली. मोटार व्यापाऱ्यांच्या संघटनेचे कार्यालयही तिथेच, सुखसागर इमारतीत. नवा माल या बाजूला. जुना, गाडीवरून उतरवलेला माल पूर्वेला नागपाडा, डंकन रोड, चोरबाजार या बाजूला. दोन बाजारांत पायी अर्ध्या तासाचे अंतर, आणि मोटारदुरुस्तीचा सगळा हिशेब या अर्ध्या तासात ठरत असे: नवा भाग घ्यावा, उतरवलेला घ्यावा की आहे तोच लेथवर नेऊन दुरुस्त करावा?

हा प्रश्न पुढे सक्तीचा झाला. १९२८ पासून जनरल मोटर्स शिवडीला गाड्या जोडत असे. फोर्डचेही जोडणीचे काम मुंबईत चाले. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लरच्या परवान्याखाली डॉज, डिसोटो आणि फार्गो नावांच्या गाड्या व ट्रक बाहेर पडू लागले. महिंद्रांनी माझगावला विलीस जीप जोडली. मग १९५३ साली टॅरिफ कमिशनची शिफारस आली: ज्यांचा इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी जोडणीचा धंदा आवरावा. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडी सोडली, फोर्डही त्याच सुमारास गेली. त्यांच्या गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या, आणि आयातीच्या परवान्यांमुळे त्यांचे भाग मिळेनासे झाले. अमेरिकन ट्रकचा स्टिअरिंग बॉक्स बदलणे हा पर्यायच उरला नाही, तेव्हा तो उघडून, मोजून, भरून काढण्याची कला वाढली. मुंबईच्या मिस्त्रीची कीर्ती ज्या 'जुगाडा'मुळे झाली असे म्हणतात, त्यामागे खरे तर परवाना पद्धत होती.

त्या काळच्या बॉक्सांची जडणघडण माहीत असली की पुढचे घोटाळे उमगतात. विलीस जीपमध्ये रॉस कंपनीचा कॅम आणि लीव्हर जातीचा बॉक्स असे. फियाट ११०० आणि तिचीच पुढची रूपे, म्हणजे १९६४ची डिलाइट आणि १९७४ पासूनची पद्मिनी, यांत वर्म जातीचा बॉक्स, एका बाजूला ड्रॉप आर्म आणि दुसऱ्या बाजूला आयडलर. या सगळ्या बॉक्सांना वर एक अ‍ॅडजस्टिंग स्क्रू असतो. दात झिजून चाकाला प्ले, म्हणजे ढिलाई, आला की नट सैल करायचा, स्क्रू थोडा फिरवायचा, नट पुन्हा कसायचा. पाच मिनिटांचे काम, आणि गिऱ्हाइकाला फरक लगेच हाताला कळतो. मुंबईच्या हजारो टॅक्सींचे स्टिअरिंग वर्षानुवर्षे याच स्क्रूवर चालले.

पण चांगला मिस्त्री स्क्रूला शेवटी हात लावत असे. आधी टायरची हवा. मग पुढची चाके जॅकवर उचलून, खाली घोडी देऊन, चाक वरखाली आणि आजूबाजूला हलवून पाहणे: वरखाली हलले तर किंगपिन किंवा बेअरिंग, आजूबाजूला हलले तर टाय रॉड एन्ड. मग एकाने आत बसून स्टिअरिंग थोडे थोडे इकडेतिकडे करायचे आणि दुसऱ्याने खाली झोपून हाताने प्रत्येक जोड चाचपायचा. जो जोड हलतो पण पुढच्याला हलवत नाही, तो झिजलेला. पोऱ्याला स्टिअरिंगवर बसवण्याची गॅरेजमधली पद्धत याच कामासाठी पडली. मग आयडलरचे बुश, बॉक्सचे चॅसीवरचे बोल्ट, आणि या सगळ्यातून दोष सुटला तरच बॉक्स. खालून वर, जमिनीपासून हाताकडे, असा हा क्रम आहे. तो पुस्तकात लिहिलेला होता म्हणून नव्हे, बॉक्स महाग आणि टाय रॉड एन्ड स्वस्त म्हणून पडला. जुन्या पिकअपच्या पॉवर स्टिअरिंगसाठी आजही हाच क्रम योग्य आहे; गॅरेजांनी तो सोडला तिथेच चुका झाल्या.

पॉवर स्टिअरिंगचा शोध या सगळ्याला समांतर, दूर चालू होता. पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ साली आपले तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग एका पिअर्स-अ‍ॅरो गाडीवर चालवून दाखवले. मोटार कंपन्यांना ते महाग वाटले. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांना ते बसवले गेले, आणि विक्रीच्या मोटारीत ते पहिल्यांदा आले १९५१ साली, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. कुर्ल्याचा कारखाना क्रायस्लरच्याच परवान्यावर चालत असताना ही सोय इथे मात्र आली नाही. मोठ्या मोटारींच्या आयातीवर बंधने होती, आणि ट्रकवाल्याला चालकाच्या खांद्यांपेक्षा डिझेल आणि टायर यांची काळजी अधिक. मोठ्या व्यासाचे चाक आणि लॉकपासून लॉकपर्यंत, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुष्कळ फेरे हेच त्या काळचे 'पॉवर'. ड्रायव्हरचे दंड हाच पंप.

माल वाहण्याची पद्धत या काळात बदलत होती. गोदीतून बैलांचे खटारे, मग मोठे ट्रक. पण ठाकुरद्वार, फणसवाडी, कांदेवाडी, भुलेश्वर इथल्या गल्ल्यांत ट्रक वळत नसे. ती जागा टेम्पोने घेतली. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पोच्या तीनचाकी गाड्यांनी हा शब्द मराठीत इतका रुजवला की पुढे कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी टेम्पोच झाली. त्यानंतर मॅटाडोर आली. १९८०च्या दशकाच्या मध्याला जपानी सहकार्याने बनलेल्या हलक्या ट्रकांच्या चार कंपन्या बाजारात उतरल्या: टोयोटा, निसान, माझदा, मित्सुबिशी यांच्या नावांच्या. त्यांना उत्तर म्हणून टेल्कोने १९८६ मध्ये ४०७ काढला आणि १९८८ मध्ये टाटामोबाइल ही पिकअप. दादरच्या फूलबाजारात पहाटे रिकाम्या होणाऱ्या आणि लालबागच्या मसाला बाजारात भरल्या जाणाऱ्या गाड्यांत या पिढीचा भरणा झाला.

भारतात पॉवर स्टिअरिंग बनू लागले ते याच दशकात. झेडएफ स्टिअरिंग गिअर (इंडिया) ही कंपनी १९८१ साली जर्मन झेडएफच्या सहकार्याने निघाली, तिचा कारखाना पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला. मद्रासच्या राणे समूहाने १९८७ मध्ये टीआरडब्ल्यू या अमेरिकन कंपनीबरोबर वेगळी कंपनी काढली. सुरुवातीला हे बॉक्स अवजड ट्रक आणि बस यांच्यासाठी होते. हलक्या मालगाड्यांवर ते हळूहळू, आधी वाढीव किमतीला आणि पुढे सर्रास आले. म्हणून मुंबईच्या गॅरेजमध्ये पॉवर स्टिअरिंगची पहिली गाडी दुरुस्तीला आली तेव्हा समोर बसलेल्या मिस्त्रीचा हात पद्मिनीवर घडलेला होता. आयटीआयमधून 'मेकॅनिक मोटर व्हेइकल' शिकून आलेल्या पोराने तेलाच्या दाबाचे चित्र निदान वहीत काढलेले असे. उस्तादाने तेही पाहिलेले नसे.

नव्या बॉक्सची रचना अशी. चाकाच्या दांड्याच्या टोकाला एक बारीक टॉर्शन बार असतो. चालकाने चाक फिरवले की टायरच्या विरोधामुळे हा बार किंचित पिळला जातो, आणि त्या पिळाने फिरता व्हॉल्व्ह उघडून तेल पिस्टनच्या एका बाजूला जाते. पिस्टन म्हणजेच बॉल-नट, स्क्रूवर गोळ्यांवरून सरकणारा. त्याचे दात सेक्टर शाफ्टला फिरवतात. हलक्या गाडीत दाब साधारण ७० ते १०० बारपर्यंत जातो. पंप बंद पडला तरी गाडी वळते, कारण लोखंडी जोड अखंड असतो. फक्त सगळा भार हातावर येतो. पॉवर गेली म्हणजे स्टिअरिंग तुटले असे नाही, हे चालकांना समजावण्यात मिस्त्र्यांचा बराच वेळ गेला.

पहिला मोठा घोटाळा त्या स्क्रूनेच केला. पॉवर बॉक्सलाही वर अ‍ॅडजस्टिंग स्क्रू असतो, आणि प्ले दिसला की हात आपोआप तिकडे जाई. बॉल-नटच्या बॉक्समध्ये दात मध्यभागी मुद्दाम घट्ट आणि कडेला सैल बसवलेले असतात. झीज मध्यभागी जास्त होते. स्क्रू कसला की सरळ चालताना प्ले जातो, पण मध्यभागी बॉक्स अडकू लागतो. मग वळण संपल्यावर चाक आपसूक सरळ येत नाही, ते हाताने परत आणावे लागते; रस्त्यावर गाडी थोडी थोडी दोन्हीकडे भटकते. गिऱ्हाईक परत येतो, 'आता जड लागते' म्हणून, आणि यावेळी दोष पंपाच्या माथी जातो. वास्तविक प्ले बहुधा टाय रॉड एन्ड, ड्रॉप आर्मचे स्प्लाइन किंवा बॉक्सवरच्या दांड्याचा सांधा यांत असतो. पॉवर स्टिअरिंगचा प्ले इंजिन चालू ठेवूनच पाहायचा असतो. बंद इंजिनावर टॉर्शन बारचा पीळ प्ले म्हणून मोजला जातो. ही एक बारीकशी गोष्ट; तिच्यापायी कितीतरी बॉक्स विनाकारण उघडले गेले.

दुसरा घोटाळा आवाजाचा. पंप नवा, आवाज नवा, म्हणून आवाज आला की पंप बदला, अशी रीत पडली. आवाज निरनिराळे असतात. चाक पूर्ण लॉकला नेल्यावर किंचाळल्यासारखा आवाज येऊन थांबत असेल तर बेल्ट घसरतो आहे. सतत घुमण्याचा आवाज, इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा, म्हणजे पंपाला तेल पुरत नाही किंवा तेलात हवा शिरली आहे. टाकीचे झाकण काढले की उत्तर समोर असते: फेस आला असेल, तेल दुधाळ दिसत असेल, तर हवा. ही हवा बहुधा टाकीपासून पंपाकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या पाइपच्या सैल क्लिपमधून शिरते. तिथून तेल गळत नाही, फक्त हवा आत जाते, म्हणून जागा कोरडी दिसते आणि कोणाला संशय येत नाही. दहा-वीस रुपयांच्या क्लिपसाठी बदललेले पंप चोरबाजारात पुन्हा विकायला जात, आणि तिथून घेणाऱ्याला चांगला पंप स्वस्तात मिळे. या व्यवहारात तोटा एकट्या पहिल्या मालकाचा.

तेल कमी होते पण खाली एक थेंब नाही, ही तक्रार ट्रकच्या मिस्त्र्यांना लवकर कळली. जिथे पंप बेल्टवर नसून इंजिनाच्या गिअरवर चालतो, तिथे पंपाच्या दांड्याचे सील गेले तर तेल बाहेर न पडता इंजिनात उतरते. स्टिअरिंगची टाकी रिकामी होत जाते आणि इंजिनाचे ऑइल वाढते. डिपस्टिक पाहिल्याशिवाय हा दोष सापडत नाही.

जडपणाचा उलगडा करण्याची रीत मात्र जुन्या क्रमातूनच घडली. पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवायचे. तरीही जड असेल तर तेलाचा काही संबंध नाही: किंगपिन ग्रीसविना धरले आहेत, बॉल जॉइंट सुकला आहे किंवा दांड्याचा सांधा गंजला आहे. चाके उचललेली असताना हलके आणि जमिनीवर, इंजिन चालू असूनही जड, तर आधी टायरची हवा आणि मगच तेल. आयडलिंगवर जड आणि अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला की हलके, तर पंपाला प्रवाह कमी पडतो: बेल्ट सैल, आयडल खाली गेलेला, किंवा पंपाच्या पाकळ्या झिजलेल्या. एकाच बाजूला जड आणि दुसरीकडे ठीक, तर पंप निर्दोष; पंपाला डावे-उजवे कळत नाही. दोष बॉक्समधल्या व्हॉल्व्हचा किंवा सीलचा. हे शेवटचे अनुमान इतके साधे आणि पक्के आहे की एवढे एक ओळखता येणाऱ्या मिस्त्रीला अर्धे पॉवर स्टिअरिंग आले असे म्हणायला हरकत नाही.

पंप की बॉक्स, हा वाद शंकेला जागा न ठेवता मिटवण्याचे साधन म्हणजे दाबाचा गेज. पंप आणि बॉक्स यांच्या मध्ये गेज आणि त्यापुढे बंद करता येणारा व्हॉल्व्ह जोडायचा. व्हॉल्व्ह काही सेकंद बंद केला आणि दाब कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत चढला, तर पंप चांगला. मग व्हॉल्व्ह उघडून चाक लॉकला धरायचे. दाब आधीपेक्षा कमीच राहिला तर बॉक्स आतून गळतो आहे. दोन्ही वेळा पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचे नाही, कारण दाबमुक्तीच्या व्हॉल्व्हमधून तेच तेल फिरत राहून भराभर तापते आणि सील भाजते. हा गेज महाग नव्हता, पण तो लावायला पाइप सोडावा लागतो, तेल सांडते, पुन्हा हवा काढावी लागते. बहुतेक लहान गॅरेजांनी तो घेतला नाही. त्यांनी कान आणि हात यांवर काम भागवले, आणि सोपे दोष त्यांनी बरोबरही ओळखले. कठीण दोषात मात्र पंप आणि बॉक्स दोन्ही एकदम उतरवून देण्याची पाळी येई.

हवा काढणे हे काम धीराचे. चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, टाकी भरलेली राखत स्टिअरिंग एका लॉकपासून दुसऱ्यापर्यंत सावकाश अनेकदा फिरवायचे. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून पुन्हा. घाईने इंजिन आधी चालू केले तर पंप हवेचा फेस करतो आणि मग तो बसायला कितीतरी वेळ थांबावे लागते.

मुंबईच्या हवेने आणि रस्त्यांनी या दोषांना स्थानिक रंग दिला. परळ-दादरच्या मधला हिंदमाता हा भाग दर पावसाळ्यात तुंबतो. गुडघाभर पाण्यातून गेलेल्या पिकअपचा बेल्ट ओला होऊन घसरतो आणि स्टिअरिंग अचानक जड होते; बेल्ट सुकला की दोष नाहीसा. ज्याने याच वेळी गॅरेज गाठले त्याला पंप बदलून मिळण्याची शक्यता मोठी. खरे नुकसान हळू होते. टाय रॉड एन्डच्या रबरी बुटाला चीर असली की पाणी आत शिरून ग्रीस धुते, आणि दोन महिन्यांनी, नवरात्राच्या सुमारास, जोड खडखडू लागतो. किंगपिनला पाण्यानंतर नवे ग्रीस दाबून जुने बाहेर काढले नाही तर तो गंजून धरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा गाड्याच्या गाड्या पूर्ण पाण्याखाली होत्या; अशा गाडीत टाकीच्या झाकणाच्या छिद्रातूनही पाणी तेलात जाऊ शकते, आणि ते तेल काढून टाकल्याशिवाय आतला गंज थांबत नाही. खाऱ्या हवेचा मारा दाबाच्या लोखंडी पाइपवर, विशेषतः क्लिपखालच्या न दिसणाऱ्या जागेवर होतो.

पॉवर स्टिअरिंगची सर्वांत कठीण परीक्षा या भागात वर्षातून एकदा होते. चिंचपोकळी, गणेशगल्ली, लालबाग इथल्या मोठ्या गणेशमूर्ती अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीकडे निघतात. १९३४ पासूनच्या लालबागच्या राजाची मिरवणूक वीस तासांच्या घरात चालते. ती भायखळा, नागपाडा, डंकन रोड करीत ऑपेरा हाउसकडे येते, म्हणजे जुन्या आणि नव्या सुट्या भागांच्या दोन्ही बाजारांतून जाते. गाडी चालली असेल तर टायर वळायला सोपा असतो, उभी असेल तर सर्वांत कठीण, आणि नेमका तेव्हाच पंप आयडलिंगवर सर्वांत मंद फिरतो. भाद्रपदातल्या उकाड्यात, भार घेऊन, पावला-पावलाने तासन् तास गेलेल्या गाडीचे तेल तापून पातळ होते आणि झिजलेल्या पंपाचा दाब उतरतो. सकाळी हलके असलेले स्टिअरिंग रात्री जड झाले आणि गाडी थंड झाल्यावर पुन्हा सुधारले, तर तो पंपाच्या किंवा बॉक्सच्या आतल्या झिजेचा भरवशाचा पुरावा असतो. मंडळांचे जाणते चालक मिरवणुकीआधी तेल बदलतात, बेल्ट तपासतात आणि लॉकला चाक दाबून धरत नाहीत.

गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला आणि गिरणगावाची घडी मोडली. त्यानंतरच्या काळात गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठले, आणि चाळींच्या तळमजल्यावरची, रस्त्याकडेची गॅरेजे वडाळा, शिवडी, कुर्ला या बाजूंना सरकली. धुराविरुद्धच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने नेमलेल्या व्ही. एम. लाल समितीनंतर जुन्या व्यापारी डिझेल गाड्यांना आठ वर्षांची, आणि जुन्या टॅक्सींना पंधरा वर्षांची मर्यादा घातली गेली. पुढे जायचे तर सीएनजी. मुंबईच्या जुन्या पिकअपला आधी शहराबाहेर गिऱ्हाईक असेच, आता ती ठरल्या वयात जिल्ह्यांकडे जाऊ लागली. जी गाडी पेट्रोलवरून सीएनजीवर वळवली गेली, तिचे आयडल नीट लावले नाही तर गाडी लावताना स्टिअरिंग जड लागे. त्याचाही ठपका कधीकधी पंपावर आला. टॅक्सीचे वय पुढे वीस वर्षे ठरले. पद्मिनीची शेवटची काळीपिवळी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली आणि वर्म बॉक्सचे रोजचे काम मुंबईत संपले.

तेलाच्या दाबावरच्या, म्हणजे हायड्रॉलिक, स्टिअरिंगचाही काळ मुंबईत आखूडच ठरतो आहे. मोटारींत विजेवर चालणारे स्टिअरिंग आधी आले, आणि २०१९ साली बाजारात आलेल्या टाटा इंट्रा या छोट्या पिकअपलाही ते मिळाले. त्यात पंप नाही, तेल नाही, बेल्ट नाही. दांड्यावरचा टॉर्क सेन्सर पीळ मोजतो आणि मोटार तेवढी मदत देते. जडपणाची तक्रार आली तर पहिले काम बॅटरीचे व्होल्टेज आणि अर्थिंग पाहणे, दुसरे स्कॅनर लावून दोषाचा कोड वाचणे. कोड मात्र फक्त विजेच्या बाजूचा येतो. टायरची हवा कमी असणे, बॉल जॉइंट सुकणे, टाय रॉड एन्डला पाणी लागणे यांचा कोड नसतो, आणि असे दोष असलेल्या गाडीत मोटार अधिक करंट ओढून तापते व स्वतःला वाचवण्यासाठी मदत कमी करते. स्कॅनरवर मग मोटार तापल्याचा कोड दिसतो, आणि जॅक न लावता तो वाचणारा मोटारच बदलायला सांगतो.